सतरा नंबरचं कार्ड

४ जानेवारी

कार्ड तपासणाऱ्या साहेबांना,

नमस्कार. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका, मजकूर वाचा.

या पाकिटात सतरा नंबरचं कार्ड आहे. नाव लिहायचं नाही, नंबरच लिहायचा असा तुमचा नियम, म्हणून मीही नाव लिहीत नाही. कार्डावर चार गोल आणि चारही गोलांत माझ्या धाकट्या भावाचं रक्त. तुम्ही सांगितलंत तसं बोट टोचलं, गोल भरले, सावलीत वाळवले, पाकिटात घातले. दर पंधरा दिवसांनी घालते. आता माझं ऐका.

तुमचं यंत्र बिघडलंय.

गेल्या मे महिन्यात माझी एक किडनी काढून धाकट्याला बसवली. त्याच्या शरीराला ती परकी वाटते, ते तिला हाकलून द्यायला बघतं, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ एक औषध जन्मभर घ्यायचंय. कमी पडलं तर शरीर किडनी हाकलतं आणि जास्त झालं तर ते औषधच किडनीला मारतं. इकडे आड, तिकडे विहीर. रक्तात औषध किती आहे ते बघूनच डोस ठरतो. त्यासाठी आधी सात तास बसने शहरात जायचो. मग डॉक्टर म्हणाले, नवीन संशोधन चाललंय, कागदावर थेंब टाका आणि पोस्टाने पाठवा. मी म्हटलं, देव पावला.

कसला पावतोय! पहिली पाच कार्डं ठीक होती. त्यानंतर दर वेळी तुमचं एकच, औषध जास्त. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या कार्डाला पुन्हा जास्त. अजून कमी केला. आता धाकटा अर्ध्यावर आलाय आणि तुमचा कागद म्हणतो, दुप्पट आहे. हे कुठल्या शाळेतलं गणित? आणि इथल्या तपासणीत किडनीचा जो आकडा येतो तो एक पॉइंट दोन होता, आता एक पॉइंट सहा झालाय. वाढला म्हणजे वाईट, एवढं मला कळतं. त्याचे पाय सुजतात. सकाळी मोज्याचा वळ उठतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही.

फोन केला होता. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं वाजतं. मला कामं आहेत. मी लाँड्रीत डागांच्या टेबलावर असते, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे सदरा जळाला तर आम्ही गिऱ्हाइकाला इस्त्रीचे गुण सांगत बसत नाही.

किडनी माझी आहे, साहेब. त्याला वापरायला दिलीय. ती गेली तर माझ्याकडे द्यायला दुसरी नाही, उरलीय ती मलाच लागते. यंत्र दुरुस्त करा आणि कळवा.

सतरा नंबरची बहीण


११ जानेवारी

सतरा नंबरच्या ताईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते, मी साहेब नाही, बाई आहे. रक्ताची कार्डं तपासायचं काम इथे माझ्याकडे आहे. तीन वर्षांत पाकिटांतून कार्डं खूप आली, पत्र पहिल्यांदाच आलं. वाचताना माझ्या आईची आठवण झाली. तीही अशीच झापते.

पत्र वाचून तुमच्या कार्डावरचा दुसरा गोल पुन्हा तपासला, मग तिसरा. आम्ही गोलातून शर्टाच्या बटणाएवढी चकती कापतो, ती एका द्रावणात भिजवतो, कागदातलं औषध सुटून त्यात येतं. पुढे यंत्र एकेका रेणूचं वजन करून त्याला ओळखतं. एका थेंबात औषध असतं तरी किती? कॅप्सूलमधल्या औषधाचे पन्नास लाख भाग केले तर त्यातला एक. तुमच्या चकतीच्या आधी आणि नंतर, ज्यांचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे असे नमुने लावले. ते बरोबर आले. यंत्र ठीक आहे, ताई.

पण तुम्ही म्हणता तेही खरं आहे. अर्ध्या डोसवर दुप्पट आकडा यायला नको. जुनी कार्डं काढून बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. पहिली पाच कार्डं दवाखान्यात नर्सने भरली आहेत. सहाव्यापासून ती घरी भरली गेली, आणि आकडा सहाव्यापासूनच चढलाय. तुम्ही घरी रक्त कसं घेता ते उठल्यापासून लिहून पाठवाल का? बारीकसारीक वाटलं तरी गाळू नका.

डोस मात्र आपल्या मनाने बदलू नका. शिरेतलं रक्त घेऊन एकदा ताडून बघावं, असं मी तुमच्या डॉक्टरांना कळवलं आहे.

आपली,
कार्ड तपासणारी


१६ जानेवारी

कार्डवाल्या बाई,

बाई निघालात, बरं झालं. बाईमाणूस निदान ऐकून तरी घेतं. पण यंत्र ठीक आहे म्हणता म्हणजे आता दोष आमचाच, असंच ना? सासरी पण असंच असायचं.

लिहा म्हणता तर लिहिते. सहाला उठते, अंघोळ, चहा ठेवते. प्यायला वेळ नसतो, तो निवतो. सगळी तयारी मांडून ठेवते, कारण साडेआठला मला लाँड्रीत हजर व्हायचं असतं. मग धाकट्याला खुर्चीत बसवते. हा गणिताचा मास्तर, शाळेत पन्नास पोरांना गप्प करतो आणि सुई बघितली की डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणतो. स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं बोट पुसते, वाळू देते, टोचते. पहिला थेंब पुसून टाकते. मग बोट दाबून दाबून चार गोल भरते. मग आठच्या ठोक्याला औषध. रक्त आधी, औषध नंतर, हे मला झोपेतही पाठ आहे. झालं. यात चुकायला आहे काय?

आणि माझ्या हातांकडे बोट दाखवायचं नाही. हे हात दिवसभर साबणात असतात. तुमच्यापेक्षा स्वच्छ निघतील.

डॉक्टरांशी बोलले. म्हणाले, शिरेतलं रक्त महिनाअखेरीस ठरलेल्या तारखेला घेऊ. तोवर डोस अजून थोडा कमी करा. किडनीचा आकडा आता एक पॉइंट आठ आहे, आणि औषध जास्त झालं की असंच होतं म्हणे. म्हणजे त्यांचा विश्वास तुमच्या कागदावर. बहीण काय बोलते ते वाऱ्यावर.

धाकटा म्हणतो, "ताई, त्यांना कशाला त्रास देतेस, शिकलेली माणसं आहेत." मी म्हटलं, "शिकलेल्यांचंच ऐकतोय म्हणून ही वेळ आलीय, मास्तर."

सतरा नंबरची बहीण


२३ जानेवारी

ताई,

नमस्कार. हे पत्र नीट, दोनदा वाचा.

औषध पोटात गेलं की यकृत त्याचे तुकडे करायला लागतं. म्हणून ज्याने औषध घेतलंय त्याच्या रक्तात दोन्ही सापडतं, अख्खं औषध आणि त्याचे तुकडे. तुकड्यांचं वजन वेगळं, त्यामुळे यंत्राला ते वेगळे दिसतात. एरवी आम्ही तुकडे मोजत नाही, गरज पडत नाही. तुमच्यासाठी मोजले, सगळ्या कार्डांवर. पहिल्या पाच कार्डांत दोघांचं प्रमाण जसं असायला हवं तसं आहे. सहाव्यापासून अख्खं औषध भरमसाट आणि तुकडे मात्र दर कार्डाला कमी होत गेलेत.

याचा अर्थ मला असा लागतो की कार्डावरचं बरंचसं औषध भावाच्या शरीरातून आलेलंच नाही. ते बाहेरून लागलंय. आणि तुकडे कमी होतायत म्हणजे रक्तात खरं औषध कमी पडत असावं. म्हणजे आपण सगळे उलट दिशेने चाललो आहोत.

डॉक्टरांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, अंदाज चांगला आहे, पण नुसत्या अंदाजावर डोस वाढवला आणि औषध खरंच जास्त निघालं तर किडनी हातची जाईल. बरोबर आहे त्यांचं. म्हणून पुरावा हवा.

सोबत दोन कोरी कार्डं पाठवते. सकाळी रोजच्यासारखी सगळी तयारी करा, एकही गोष्ट बदलू नका. फक्त टोचायचं नाही. एका कार्डावर भावाला नुसतं बोट टेकवू दे. दुसऱ्यावर तुम्ही तुमचं टेकवा. त्याच दिवशी पोस्टात टाका.

तुमची,
कार्ड तपासणारी


२७ जानेवारी

पोरी,

आईची आठवण येते म्हणतेस म्हणजे तू पोरच, आता अहोजाहो बंद.

मला काय अंगठेबहाद्दर समजलीस? सही येते मला. रक्ताशिवाय नुसती बोटं कागदावर टेकवायची, याला तपासणी म्हणतात? लाँड्रीतल्या बायकांना सांगितलं तर त्या हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मालकीणबाई म्हणाल्या, कुठे जमीन लिहून देत्येयस का?

तरी टेकवली. उभ्या उभ्या टेकवली आणि निघाले. त्याचं कार्ड वर आहे, माझं खाली. तुझ्या पत्रातलं ते "उलट दिशेने" मला आवडलेलं नाही. तसं असेल तर पटकन सांग, नसेल तर असलं काही लिहू नकोस. कामात लक्ष लागत नाही. काल एका बाईच्या पांढऱ्या साडीवर निळ्या साडीची चिठ्ठी लावली.

सतरा नंबरची बहीण

ताजा कलम. मी सतरा नंबर. पाकीट चिकटवायला ताईने माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी घुसवतो. ती रागावते ती घाबरलीय म्हणून. परवा भांड्यांपाशी उभी राहून रडत होती. विचारलं तर म्हणाली, डोळ्यांत सोडा गेला. घरात सोडा नाही. मला दोन दिवसांपासून लघवी कमी होतेय, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिने एवढं कापून दिलं, आता काय तोंडाने सांगू? कोणाला तरी सांगायला हवं म्हणून तुम्हाला सांगतो.


३० जानेवारी

ताई,

भावाच्या बोटाच्या कार्डावर औषध सापडलं. थोडं. तुमच्या बोटाच्या कार्डावर सापडलं ते त्याच्या चाळीसपट.

तुम्ही हे औषध घेत नाही. मग ते तुमच्या बोटांवर कुठून आलं?

मला उत्तराची घाई नाही, डॉक्टरांना घाई आहे. त्यांना तासाभरापूर्वी फोन केला. भावाने तुमच्या पत्राखाली मला जे लिहिलं होतं तेही सांगितलं. त्याला राग आला तर येऊ दे. हे पत्र पोचायच्या आत तुम्हाला बोलावणं आलेलं असेल. आलं नसेल तर उरलेलं पत्र वाचू नका, निघा.

शिरेतलं रक्त नर्सलाच घेऊ द्या. तुम्ही त्याच्या हाताला हात लावू नका.

कार्ड तपासणारी


५ फेब्रुवारी

पोरी,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. मांडीवर त्याची फाइल, फाइलवर कागद.

डॉक्टरांचा फोन तीस तारखेलाच आला. मी टेबलावरचा सदरा तसाच टाकून निघाले. शिरेतल्या रक्तात औषध निघालं दोन. असायला हवं सात-आठ. तुझं कार्ड म्हणत होतं अठरा. किडनीत सुई घालून तुकडा काढला, तपासला. शरीराने तिच्यावर चाल केलीय. आकडा दोन पॉइंट सहा. आज मोठ्या इंजेक्शनचा तिसरा आणि शेवटचा दिवस. टिकेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत, "बघू" म्हणतात. हा "बघू" शब्द मला लहानपणापासून आवडत नाही.

तू विचारलंस, बोटांवर कुठून आलं. सांगते. तुला आधीच सांगायला हवं होतं.

धाकट्याला कॅप्सूल गिळता येत नाही. लहानपणापासून गोळी जिभेवर ठेवली की उलटी. ऑपरेशननंतर घरी निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ही कॅप्सूल उघडायची नाही, अख्खी गिळायची. मी मान हलवली. घरी चार दिवस त्याने ती ओकून काढली. पाचव्या दिवशी मी फोडली, पूड चमच्यात काढली, पाण्यात कालवली आणि पाजली. राहिली पोटात. तेव्हापासून रोज तेच.

रक्ताच्या दिवशी मला साडेआठची घाई. म्हणून पूड आधीच काढून ठेवायची. नखाने टोपण ठोकून शेवटचा कण काढायचा, वाया जायला नको म्हणून. आणि मग त्याच हाताने त्याचं बोट धरायचं, पिळायचं. रक्त आधी, औषध नंतर! तोंडात नंतरच गेलं की. बोटाला आधी लागलं.

बावीस वर्षं डाग काढतेय मी. नवी पोरगी शाईचा हात लागलेला सदरा बाजूला ठेवून त्याच हाताने दुसरा उचलते तेव्हा तिला अख्ख्या लाँड्रीला ऐकू जाईल असं ओरडते. आणि घरी पाच महिने हेच करत होते, दिसत नव्हतं म्हणून. तू म्हणाली होतीस, कॅप्सूलचा पन्नास लाखावा भाग एका थेंबात असतो. मग माझ्या नखात किती असेल?

तू सगळं लिही म्हणालीस तेव्हा एवढंच गाळलं. विसरले नव्हते. डॉक्टरांचं ऐकलं नाही हे तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीपुढे कसं सांगायचं, याची लाज वाटली. त्या लाजेपायी दोन आठवडे गेले.

काल धाकट्याला म्हटलं, "तुझी किडनी मीच मारत होते." तो सलाइन लावलेला, तरी म्हणतो, "दिलीस पण तूच. आता गप बस, नर्स ओरडेल."

आणि लघवीचं लपवल्याबद्दल त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलंय. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. डॉक्टरांशी रोज बोलणं होतंय, आकडा उतरायला लागलाय हे कळलं. कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत मोठ्याने "उतरला!" म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, माझ्या रक्तदाबाबद्दल बोलतेय.

तुम्ही लाजेचं लिहिलंत, तर माझंही ऐका. कार्डासोबत जे माहितीपत्रक येतं ते मी लिहिलंय. त्यात रुग्णाचं बोट स्पिरिटने पुसा असं आहे. बोट धरणाऱ्याच्या हातांबद्दल एक अक्षर नाही. मी ते टेबलापाशी बसून लिहिलं. घरी रुग्णाचं बोट दुसरंच कोणीतरी धरतं, आणि तेच माणूस औषधही देतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही पत्रकातलं एकही वाक्य मोडलं नाही. मोडण्यासारखं वाक्य मी लिहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड आहे. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात आमची बैठक झाली होती. सतरा नंबरचे आकडे कशातच बसत नाहीत, तर ते संशोधनातून वगळावेत, असं ठरत होतं. मीही हो म्हटलं होतं. एक माणूस वगळला की आलेख किती छान दिसतो, तुम्हाला काय सांगू. दुसऱ्या दिवशी तुमचं पाकीट फोडलं, "तुमचं यंत्र बिघडलंय" वाचलं आणि मला राग आला. यंत्र बिघडलेलं नाही हे तुम्हाला दाखवायचं म्हणून मी ती कार्डं पुन्हा काढली. चांगुलपणाने नाही, रागाने. तुम्ही मऊ भाषेत लिहिलं असतं तर कदाचित काढली नसती.

गेल्या आठवड्यात आम्ही संशोधनातल्या बाकीच्या एकशे चाळीस घरांना विचारलं. अकरा घरांत कॅप्सूल फोडली जाते. कोणीही डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. त्यातल्या तिघांचे आकडे तुमच्या भावासारखेच फसवे निघाले, आणि एकीचा डोस या सोमवारी कमी होणार होता. तो थांबवला. ती तुम्हाला ओळखत नाही, आणि नियमाप्रमाणे मी तुम्हाला तिचं नाव सांगू शकत नाही. म्हणून तिच्या वाटचे आभार मीच मानते. माझे वेगळे.

आता एक काम. पत्रक नव्याने लिहायचंय, आणि या वेळी ते मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा. तुम्ही नव्या पोरींना ओरडता तसं.

आणि ती पूड तुमच्यासाठीही वाईट आहे, ताई. अंगातली रोगाशी लढायची ताकदच ती कमी करते. तुमच्याकडे एकच किडनी आहे. तिला जपा.

तुमची,
कार्ड तपासणारी


२ मार्च

पोरी,

आकडा एक पॉइंट तीन. डॉक्टरांनी कागद दाखवला, मी तो दोनदा वाचला, मग धाकट्याला वाचायला लावला, तो गणिताचा मास्तर म्हणून. किडनीवर थोडा व्रण राहील म्हणाले. राहू दे. माझ्या पोटावरही आहे. ती आता काम करतेय, सूज उतरली, तो सोमवारपासून शाळेत जातो. पोरांनी फळ्यावर "सर आले" लिहिलं होतं म्हणे आणि खाली गृहपाठ माफ करा असंही.

पत्रक लिहिलंय, घे.

"औषधाचा डबा उघडायच्या आधी रक्त काढा. रक्त काढून होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, कितीही घाई असू दे. ज्याचं बोट टोचायचं त्याने हात धुवायचे आणि जो टोचणार त्यानेही धुवायचे. साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नखांतूनसुद्धा. फडक्याला पुसले म्हणजे धुतले असं होत नाही. कॅप्सूल गिळता येत नसेल, फोडत असाल, तर डॉक्टरांना सांगा. लाजू नका. कोणी खाणार नाही. आम्ही लाजलो, किडनी जाता जाता राहिली."

शुद्धलेखन तू बघ. "कोणी खाणार नाही" मात्र काढायचं नाही.

तुझ्या त्या बैठकीचं वाचलं तेव्हा आधी डोकं फिरलं. माझ्या भावाला वगळत होतात? म्हणजे पेटीत घालून बाजूला ठेवत होतात? अर्धा दिवस तुला शिव्या दिल्या, मनात. मग विचार केला, ही पोर मला हे सांगितल्याशिवाय राहू शकली असती. मला कुठून कळणार होतं? तरी सांगितलंस. मी पूड लपवली, तू बैठक लपवली नाहीस. आता त्याबद्दल पुन्हा कधी बोलायचं नाही.

मला आभार मानता येत नाहीत. आमच्या धंद्यात डाग गेला की माणूस सदरा घेऊन जातो, डाग होता हेच विसरतो. आम्हीही अपेक्षा ठेवत नाही. पण मी विसरणार नाही, एवढं लिहून ठेव. तू मला न बघता, नाव न विचारता, एका बटणाएवढ्या कागदावरून माझ्या भावाच्या रक्तात काय कमी पडतंय ते ओळखलंस. आणि मी तुला यंत्र बिघडलंय म्हणत होते. त्या सोमवारच्या बाईला सांगता येत नसलं तरी तिचा आकडा चांगला आला की मला कळव. नुसतं "आला" एवढं लिही.

आता खरी बातमी. धाकट्याने कॅप्सूल गिळली.

दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं. म्हणाली, "मान वर करून गिळताय ना? म्हणून अडकते. कॅप्सूल हलकी, ती पाण्यावर तरंगते. हनुवटी छातीला लावा, खाली बघून गिळा." पहिल्या दिवशी तीन वेळा ओकला. चौथ्यांदा गेली. मास्तर असा चेहरा करून बसला होता की जणू डोंगर गिळलाय. आता रोज गिळतो, दोन्ही वेळा, अख्खी. चाळीस वर्षं आम्ही त्याला मान वर करायला सांगत होतो.

त्यामुळे सकाळी माझं काही कामच उरलेलं नाही. चमचा नाही, पूड नाही, कालवणं नाही. सुरुवातीचे दोन दिवस मी उगीच त्याच्याभोवती घुटमळत होते. तो म्हणाला, "ताई, जा ना, चहा पी." पायरीवर बसून प्यायले. गरम होता. दहा महिन्यांत पहिला गरम चहा, पोरी. जीभ भाजली.

सोबत नवं कार्ड आहे. गोल जरा वाकडे आलेत, एक तर रेघेबाहेर गेलाय, पण चालवून घे. या वेळी त्याने स्वतः हात धुतले, स्वतः टोचून घेतलं आणि पाढा न म्हणता चारही गोल भरले. मी दारात हात पाठीमागे धरून उभी होते.

ताई